अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा हॉर्न का तडकतो? धातूच्या थकव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लास्टिकचे सुटे भाग, मास्कचे कापड किंवा तारांची जुडगी अल्ट्रासॉनिक यंत्रावर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वेगवान कंपनाने, जोडणाऱ्या कारखान्यात "हॉर्न (कामाला टेकून ते कंपन देणारा धातूचा भाग) अचानक गेला" ही तक्रार दर काही महिन्यांनी ऐकू येते. चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबड येथील वाहनउद्योगाच्या पुरवठादारांकडे अशी यंत्रे मोठ्या संख्येने चालतात, आणि 2020 मध्ये मास्क बनवणारी यंत्रे आल्यावर या प्रश्नाशी पूर्वी कधीच संबंध न आलेल्या लोकांचीही त्याच्याशी गाठ पडली. हॉर्न अचानक जात नाही, हे या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी असलेले म्हणणे आहे. तडा आधी कधीतरी, बहुधा कोणाच्या तरी हातून, सुरू झालेला असतो आणि तो वाढत असताना यंत्र त्याची वर्दी देत असते. ती वर्दी कशी ओळखायची आणि तडा सुरूच होऊ नये म्हणून काय करायचे, हे येथे सांगितले आहे.

यंत्राचा नेमका कोणता भाग थकतो?

जनरेटरकडून (यंत्राला उच्च वारंवारतेची वीज देणाऱ्या भागाकडून) आलेल्या विजेचे कंपनात रूपांतर करणारा कन्व्हर्टर, ते कंपन वाढवणारा किंवा कमी करणारा बूस्टर आणि कामाला प्रत्यक्ष टेकणारा हॉर्न हे तीन भाग स्टडने (दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टने) एकमेकांना जोडलेले असतात आणि या जोडणीला स्टॅक म्हणतात. थकवा या तिन्ही भागांना आणि त्यांना जोडणाऱ्या स्टडलाही येतो. तरीही तक्रार बहुतेक वेळा हॉर्नचीच असते, कारण सर्वांत जास्त कंपन त्याच्या वाट्याला येते, त्याचा आकार कामाप्रमाणे बदलावा लागतो आणि कारागिराचा हात, पाना, कानस या सगळ्यांचा संबंधही त्याच्याशीच अधिक येतो.

धातूचा थकवा म्हणजे काय? भार तर धातूच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असतो.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुन्हापुन्हा उलटसुलट वाकवली की तुटते, हे प्रत्येकाने केलेले आहे. ज्याला कारखान्यात सगळे फटीग म्हणतात तो थकवा याच जातीचा आहे. फरक इतकाच की हॉर्नमध्ये डोळ्यांना दिसेल असे वाकणे कधीच होत नाही. एकदाच लावला तर धातूला काहीही न करणारा ताण लाखो-कोटी वेळा उलटसुलट लागला, की एखाद्या ओरखड्याशी, कोपऱ्याशी किंवा धातूच्या आतल्या एखाद्या कणाशी सूक्ष्म चीर पडते. प्रत्येक आवर्तनात ती अगदी थोडी पुढे सरकते आणि उरलेला धातू भार पेलेनासा झाला की तुटते. प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी 1850 ते 1870 या दोन दशकांत रेल्वेच्या आसांवर केलेल्या चाचण्यांतून दाखवून दिले, की तुटण्याचा संबंध सर्वांत मोठ्या भाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ताणाच्या चढउताराशी आणि आवर्तनांच्या संख्येशी आहे. आजही पदार्थाचा थकवा ताण आणि आवर्तने यांच्या ज्या आलेखाने दाखवतात तो त्यांच्याच कामातून आलेला आहे.

इतर यंत्रांच्या मानाने इथे थकवा इतक्या लवकर कसा गाठतो?

याचे उत्तर आकड्यांत आहे आणि हा हिशेब प्रत्येक मेंटेनन्सवाल्याने एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. 20 किलोहर्ट्झचे यंत्र सेकंदाला 20,000 आवर्तने करते. वेल्डची वेळ अर्धा सेकंद धरली तर एका वेल्डमागे 10,000 आवर्तने होतात, म्हणजे 1,000 वेल्डमध्ये 1 कोटी आणि 1 लाख वेल्डमध्ये 100 कोटी. दर सहा सेकंदांना एक भाग निघत असेल आणि शिफ्टमध्ये सात तास प्रत्यक्ष काम होत असेल, तर एका शिफ्टला 4,200 वेल्ड होतात. तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या लाइनवर 100 कोटी आवर्तने आठ दिवसांत पूर्ण होतात.

आता रेल्वेचा आस घ्या. चाकाचा व्यास 0.9 मीटर धरला, तर 100 कोटी फेरे व्हायला गाडीला सुमारे 28 लाख किलोमीटर धावावे लागेल. जे रेल्वेच्या आसाला वर्षानुवर्षे धावून सोसावे लागते ते हॉर्न आठवड्याभरात सोसून मोकळा होतो. म्हणूनच इतर यंत्रांत वर्षभर निभावून जाणारी छोटी चूक इथे महिन्याच्या आत उघडी पडते.

1 कोटी आवर्तने टिकलेला भाग कायमचा टिकतो, असे शिकवले जाते. ते खरे नाही का?

अभियांत्रिकीच्या वर्गात पोलादाच्या बाबतीत असे शिकवले जाते, की ताण एका मर्यादेच्या खाली असेल तर आयुष्य अमर्याद असते, आणि ती मर्यादा सहसा 10 लाख ते 1 कोटी आवर्तनांच्या चाचण्यांवरून ठरवलेली असते. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, हेही त्याच पाठ्यपुस्तकात असते, पण ते विसरले जाते. पुढे 100 कोटी आवर्तनांपर्यंत आणि त्यापलीकडे चाचण्या झाल्या तेव्हा उच्च ताकदीचे पोलाद आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे नमुनेही जुन्या मर्यादेच्या खालच्या ताणाला तुटताना दिसले. अशा वेळी तडा अनेकदा पृष्ठभागावरून नव्हे, तर आतल्या एखाद्या अशुद्ध कणापासून सुरू होतो. फ्रान्समधील संशोधक क्लोद बाथिआस यांनी 1999 मध्ये या विषयावर लिहिताना धातूंना अमर्याद आयुष्य असते हे गृहीतकच नाकारले.

या चाचण्या शक्य झाल्या त्या अल्ट्रासॉनिक यंत्रामुळेच, हे मला नेहमी विशेष वाटते. वॉरन मेसन यांनी 1950 मध्ये 20 किलोहर्ट्झवर चालणारे थकवा-चाचणी यंत्र बनवले. त्याची रचना आपल्या वेल्डिंगच्या स्टॅकसारखीच असते, फक्त हॉर्नच्या टोकाला वेल्डिंगच्या कामाऐवजी तपासायचा नमुना जोडलेला असतो. म्हणजे वेल्डिंगचा प्रत्येक हॉर्न रोज नकळत थकव्याची चाचणीच देत असतो.

हॉर्नमध्ये ताण नेमका किती असतो आणि कुठे असतो?

हॉर्न अनुनादावर, म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेवर, चालतो. त्याची लांबी धातूतल्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी ठेवलेली असते. टायटॅनियममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5,070 मीटर आहे, त्यामुळे 20 किलोहर्ट्झला सरळ दंडाची अर्धी तरंगलांबी साधारण 127 मिलिमीटर येते. दोन्ही टोके सर्वांत जास्त हलतात, पण तिथे लांबीच्या दिशेचा ताण जवळजवळ शून्य असतो. मध्यावरचा नोड, ज्याला पाठ्यपुस्तकात निस्पंद बिंदू म्हणतात, अजिबात हलत नाही आणि सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो: जिथे हात लावला तर काहीच हलत नाही असे वाटते तिथेच धातू सर्वाधिक राबत असतो.

टोकाची अॅम्प्लिट्यूड 60 मायक्रॉन, म्हणजे ते टोक पुढेमागे हलते ते एकूण अंतर 60 मायक्रॉन धरू. 20 मायक्रॉन देणारा कन्व्हर्टर, 1:2 चा बूस्टर आणि दीडपट वाढवणारा हॉर्न असला की एवढी मिळते. इतकी हालचाल करणाऱ्या सरळ टायटॅनियम दंडाच्या नोडवर सुमारे 85 मेगापास्कल ताण येतो आणि तो सेकंदाला 20,000 वेळा ओढीचा व दाबाचा असा उलटसुलट होतो. आकडा भीतीदायक नाही. पण हा सरळ, गुळगुळीत दंडाचा हिशेब आहे. खाच, भोक, पायरी किंवा खोल ओरखडा आला की त्या जागी हाच ताण दुप्पट-तिप्पट होतो आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

टायटॅनियम, अॅल्युमिनियम आणि पोलाद यांत कोणता धातू घ्यावा?

वरचाच दंड 7075-टी6 अॅल्युमिनियमचा असेल तर त्याच हालचालीला ताण 53 मेगापास्कलच्या आसपास येतो, कारण अॅल्युमिनियम हलके आणि अधिक लवचीक आहे. एवढेच पाहिले तर अॅल्युमिनियम बरे वाटेल. पण गुळगुळीत नमुन्यावर 50 कोटी आवर्तनांना या अॅल्युमिनियमची थकवा-सहनशक्ती साधारण 160 मेगापास्कल आहे, तर ग्रेड 5 टायटॅनियमची 1 कोटी आवर्तनांना साधारण 500 मेगापास्कल. आता दोन्हींत तिप्पट ताण आणणारी एक खाच कल्पा. टायटॅनियममध्ये ताण 255 होतो आणि तरी हाताशी बरेच अंतर राहते. अॅल्युमिनियममध्ये तो 160 होतो, म्हणजे अंतर संपते. माझ्या मते महाग टायटॅनियम घ्यायचे की नाही, या वादाचा निकाल या दोन ओळींत लागतो.

तरीही अॅल्युमिनियमला स्वतःची जागा आहे. कमी अॅम्प्लिट्यूडच्या, कमी संख्येच्या कामाला आणि फार मोठ्या आकाराच्या हॉर्नला ते योग्य ठरते. झीज टाळण्यासाठी त्यावर हार्ड अॅनोडायझिंग किंवा क्रोमचा थर देतात, पण हे कठीण थर ठिसूळ असतात आणि त्यांतली चीर खालच्या धातूत उतरू शकते, म्हणून जास्त ताणाच्या जागी थर देण्यापूर्वी उत्पादकाला विचारावे. कडक केलेले टूल स्टील मुख्यतः धातूंचे वेल्डिंग किंवा प्लास्टिकमध्ये पितळी इन्सर्ट बसवणे अशा झिजवणाऱ्या कामांसाठी वापरतात. तिथे अॅम्प्लिट्यूड कमी ठेवावी लागते.

तडा बहुतेक वेळा कुठून सुरू होतो?

ब्लॉक हॉर्नमध्ये, म्हणजे रुंद आयताकृती हॉर्नमध्ये, पहिले लक्ष खाचांच्या टोकांकडे द्यावे. हॉर्नची रुंदी तरंगलांबीच्या सुमारे एक तृतीयांशाहून जास्त झाली की तो लांबीबरोबर रुंदीच्या दिशेनेही धडधडू लागतो आणि तोंडावरची अॅम्प्लिट्यूड असमान होते. ते रोखण्यासाठी उभ्या आरपार खाचा पाडतात. त्या खाचा नोडवरून जातात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना ताण एकवटतो. टोकाचा गोलवा मोठा आणि आतून पॉलिश केलेला असेल तर हॉर्न वर्षानुवर्षे चालतो. कटरच्या रेघा तशाच ठेवलेल्या असतील तर तडा नेमका एखाद्या रेघेतून निघतो आणि शेजारच्या खाचेच्या किंवा बाहेरच्या कडेच्या दिशेने आडवा जातो.

पायरीच्या हॉर्नमध्ये, म्हणजे जाड भागातून एकदम बारीक भागात येणाऱ्या हॉर्नमध्ये, पायरीचा कोपरा ही धोक्याची जागा. असा हॉर्न दोन छेदांच्या क्षेत्रफळांच्या प्रमाणात अॅम्प्लिट्यूड वाढवतो, म्हणून लोकांना तो आवडतो, पण वाढीची किंमत तो कोपऱ्यातल्या ताणाने वसूल करतो. हळूहळू निमुळता होणारा घातांकी आकाराचा हॉर्न तेवढी वाढ देत नाही, पण ताण लांबीवर वाटून घेतो. जिथे काम भागते तिथे निमुळता आकारच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याखेरीज स्टडच्या आट्यांचा तळ, बूस्टर धरून ठेवणाऱ्या कड्याशेजारचा कोपरा आणि हॉर्नच्या तोंडाच्या धारदार कडा या जागा तपासाव्यात. आणि काही तडे हॉर्नच्या आराखड्यातल्या कोणत्याच कारणाशी जुळत नाहीत. हॉर्न फिक्श्चरवर (भाग धरून ठेवणाऱ्या साच्यावर) तिरका टेकत असेल, भाग एका बाजूलाच लागत असेल किंवा हॉर्न पोलादी फिक्श्चरला थेट भिडत असेल, तर लांबीच्या कंपनाबरोबर वाकण्याचे कंपनही जागे होते आणि ज्या जागेचा हिशेब कोणी केलेलाच नाही तिथे तडा जातो.

हॉर्नवर पार्ट नंबर कोरला किंवा टूलरूममध्ये थोडे काम केले तर काय बिघडते?

नंबर पंच करायचाच असेल तर तो नोडपासून दूर, टोकाजवळच्या कमी ताणाच्या जागी करावा. मोकळी, डोळ्यांसमोरची जागा म्हणून लोक नेमका मध्यावर पंच मारतात आणि एखाद्या आकड्याच्या कोपऱ्यातून तडा निघतो. कानशीने कड मारणे, व्हाइसच्या दातेरी जबड्यात हॉर्न आवळणे, चिकटलेले प्लास्टिक पोलादी पट्टीने खरवडणे हे सगळे याच जातीचे. टायटॅनियम ओरखड्यांच्या बाबतीत फार हळवा धातू आहे.

वायरकटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण सोय म्हणून खाचा हल्ली वायरकटने (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्राने) पाडल्या जातात. ठिणगीने कापताना पृष्ठभागावर धातू वितळून पुन्हा गोठतो आणि त्या पातळ थरात बारीक चिरा व ओढीचा अंतर्गत ताण राहतो. डोळ्यांना खाच सुरेख दिसते, पण थकव्याच्या दृष्टीने ती आधीच चिरलेली असते. हा थर घासून, पॉलिश करून पूर्ण काढल्याशिवाय हॉर्न लाइनवर देऊ नये. उलट, शॉट पीनिंगने, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून, पृष्ठभागावर दाबाचा ताण राहतो आणि चीर सुरू होणे लांबते. त्यानंतर वारंवारता मात्र पुन्हा तपासून घ्यावी लागते.

स्टड का तुटतो? तो तर पुरेसा जाड असतो.

स्टड योग्य टॉर्कने आवळलेला असला की दोन्ही तोंडे एकमेकांवर घट्ट दाबून बसतात आणि कंपनाचा बहुतेक भार तोंडांतून जातो. स्टडला सोसावा लागणारा चढउतार लहान राहतो. तोच सैल असला की तोंडे क्षणोक्षणी सुटतात, सगळा उलटसुलट ताण स्टडच्या पहिल्या एक-दोन आट्यांवर येतो आणि तो तिथेच तुटतो. जास्त आवळला तरी आटे ताणले जाऊन हेच होते. म्हणून अंदाजाने पाना मारू नये. टॉर्क रेंच वापरावा आणि आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतलाच घ्यावा.

तोंडांवर काळसर-राखाडी डाग दिसले तर ती तोंडे एकमेकांवर घासत आहेत, म्हणजे जोड सैल होता किंवा तोंड सपाट नव्हते, असे समजावे. अशी तोंडे सपाट लॅपिंग प्लेटवर हलक्या हाताने घासून घ्यावीत. हातात पॉलिश पेपर धरून घासले की कडा गोल होतात आणि जोड आधीपेक्षा वाईट होतो. काही उत्पादक तोंडांमध्ये पातळ फिल्मचा वॉशर सांगतात, तर काही सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर. पुस्तिकेत जे असेल ते एकच करावे. तुटलेल्या किंवा आटे दबलेल्या स्टडच्या जागी नवा स्टड घालावा आणि तो उत्पादकाचाच असावा. बाजारातला त्याच मापाचा ग्रब स्क्रू घातल्यामुळे चांगला हॉर्न आट्यांपासून चिरलेला मी पाहिला आहे.

वेल्ड कमजोर येते तेव्हा अॅम्प्लिट्यूड वाढवली की काम होते. त्यात वाईट काय?

ताण अॅम्प्लिट्यूडच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण आयुष्य त्या प्रमाणात घटत नाही. ते कितीतरी पटींनी घटते. बूस्टर 1:2 वरून 1:2.5 केला की ताण सव्वापट होतो, आणि थकव्याचा आलेख ज्या ठिकाणी जवळजवळ आडवा असतो तिथे सव्वापट ताणामुळे काही वर्षांचे आयुष्य काही आठवड्यांवर येऊ शकते. हॉर्न जितक्या अॅम्प्लिट्यूडसाठी बनवला आहे ती मर्यादा उत्पादकाकडून लेखी घ्यावी आणि यंत्रावर चिकटवून ठेवावी. कमजोर वेल्डचे कारण बहुतेक वेळा भागातच सापडते: एनर्जी डायरेक्टरची (जोडाच्या जागी प्लास्टिकवर ठेवलेल्या, आधी वितळणाऱ्या बारीक उंचवट्याची) धार मोल्डमध्ये बोथट झालेली असते, प्लास्टिक ओलसर असते किंवा फिक्श्चर हलत असते. ते शोधायला अर्धा दिवस लागतो आणि बूस्टर बदलायला दहा मिनिटे, म्हणून लोक बूस्टर बदलतात.

तडा गेला आहे, हे हॉर्न तुटण्यापूर्वी कसे ओळखावे?

या पानावरचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे. हॉर्न हवेत, कशालाही न टेकवता चालवला असता लागणारी शक्ती आणि वारंवारता हे दोन आकडे रोज नोंदवावेत. तड्याची दोन तोंडे एकमेकांवर घासून उष्णता तयार करतात, म्हणून बिनभाराची शक्ती वाढते. तड्यामुळे हॉर्नचा ताठपणा कमी होतो, म्हणून वारंवारता उतरते. पुढे कर्कश किंकाळीसारखा आवाज, हॉर्नच्या एकाच जागी चटका बसेल अशी उष्णता आणि शेवटी जनरेटरचे वारंवार ओव्हरलोडवर जाणे, असा क्रम साधारण दिसतो. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे तड्याची जागा शेजारच्या धातूपेक्षा स्पष्टपणे अधिक तापते.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका लाइनवर अशी नोंदवही होती. यंत्राशेजारी दोरीला पेन बांधलेले आणि शंभर पानी वहीत रोज सकाळी ऑपरेटरने लिहिलेले दोन आकडे. एका पानावर वारंवारता सलग नऊ दिवस जागची हललेली नव्हती; दहाव्या दिवशी ती थोडी खाली आली, अकराव्या दिवशी आणखी थोडी, आणि बिनभाराची शक्ती त्याच दोन दिवसांत चढली. वही कोणी वाचली नाही. चौदाव्या दिवशी रात्रपाळीत हॉर्न गेला आणि सकाळच्या बैठकीत "अचानक गेला" असाच अहवाल आला. लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले होते. तेव्हापासून मी वही ठेवा असे सांगताना ती कोण वाचणार त्याचे नावही ठरवा, असे सांगतो.

नोंद नेहमी एकाच अवस्थेत घ्यावी. तापलेल्या हॉर्नची वारंवारता थंड हॉर्नपेक्षा कमी असते, त्यामुळे एक दिवस शिफ्टच्या सुरुवातीला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपूर्वी घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही.

शंका आल्यावर तड्याची खात्री कशी करावी?

यंत्राचा वीजपुरवठा तोडून, स्टॅक काढून हॉर्न वेगळा करावा आणि डाय पेनेट्रंट चाचणी करावी: पृष्ठभाग स्वच्छ करून लाल रंगाचे द्रव लावायचे, ते चिरेत मुरू द्यायचे, वरचे पुसून काढायचे आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. खाचांच्या आतल्या बाजू टॉर्च आणि भिंगाने पाहाव्यात, कारण रेघ तिथून सुरू होऊन बाहेर यायला वेळ लागतो. चुंबकीय कणांची चाचणी पोलादाला चालते; टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम चुंबकीय नसल्याने त्यांना तिचा उपयोग नाही. शंका असलेला हॉर्न "एवढी शिफ्ट काढू" म्हणून चालवू नये. निखळलेला तुकडा माणसाला लागू शकतो, आणि चिरलेला हॉर्न कन्व्हर्टरलाही सोबत घेऊन जातो.

तुटलेल्या हॉर्नचा पृष्ठभाग पाहून काही कळते का?

पुष्कळ कळते, म्हणून तुकडे एकमेकांवर जुळवून पाहू नयेत आणि भंगारातही लगेच टाकू नयेत. खिडकीजवळ नेऊन तिरक्या उजेडात धरले की पृष्ठभागाचे दोन भाग दिसतात. एक सपाट, तुळतुळीत, जागोजाग घासून आरशासारखा झालेला. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा कमानदार रेषा असतात. या रेषा तडा थांबत-थांबत पुढे गेल्याच्या, म्हणजे यंत्र बंद-चालू झाल्याच्या किंवा भार बदलल्याच्या खुणा आहेत. सगळ्या कमानी ज्या बिंदूभोवती आहेत तो तड्याचा उगम. तिथे भिंग धरले की ओरखडा, कटरची रेघ, पंचाचा आकडा किंवा आट्याचा तळ सापडतो. दुसरा भाग खडबडीत आणि राखाडी असतो. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला धातू. खडबडीत भाग लहान असेल तर ताण कमी होता आणि तडा बराच काळ वाढत होता. तो मोठा असेल तर ताणच जास्त होता, म्हणजे अॅम्प्लिट्यूड किंवा बूस्टर तपासावा. अल्ट्रासॉनिकच्या तड्यात दोन तोंडे एकमेकांवर इतक्या वेळा आपटतात, की काही खुणा पुसल्या जातात; तरीही उगम बहुधा शिल्लक राहतो.

तडा वेल्ड करून हॉर्न पुन्हा वापरता येईल का?

नाही. वेल्डशेजारचा तापलेला धातू कमजोर होतो, अंतर्गत ताण राहतो आणि वारंवारताही बदलते. असा हॉर्न पुन्हा त्याच जागी जातो.

झिजलेले तोंड घासून सरळ करता येईल का?

मर्यादेत येईल. 20 किलोहर्ट्झच्या सरळ हॉर्नची लांबी 1 मिलिमीटरने कमी केली की वारंवारता साधारण 157 हर्ट्झने वाढते, त्यामुळे एक-दोन वेळा घासल्यावर हॉर्न जनरेटर चालवू शकतो त्या वारंवारतांच्या पट्ट्याबाहेर जातो. घासण्यापूर्वी डाय पेनेट्रंट करावे आणि नंतर वारंवारता मोजावी. मोजण्याची सोय नसेल तर हॉर्न उत्पादकाकडेच पाठवावा.

हॉर्नच्या टोकाला आट्यांनी बसवलेली, बदलता येणारी टिप सारखी का तुटते?

60 मायक्रॉन हालचालीला हॉर्नच्या टोकाचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 48,000 पट असते. 10 ग्रॅमच्या टिपला जागेवर धरून ठेवायला तिच्या आट्यांना साधारण 480 किलो वजनाइतके बल द्यावे लागते, तेही सेकंदाला 20,000 वेळा दिशा बदलून. त्यात तोंडावर थोडा कचरा राहिला किंवा टिप किंचित सैल असली की आटे टिकत नाहीत. जास्त अॅम्प्लिट्यूडच्या कामाला अखंड हॉर्नच घ्यावा.

40 किलोहर्ट्झच्या यंत्रात थकवा कमी असतो का?

तिथे तरंगलांबी अर्धी आणि अॅम्प्लिट्यूडही साधारण अर्धी असते, त्यामुळे ताण जवळपास तितकाच राहतो. आवर्तने मात्र दुप्पट वेगाने होतात. भाग लहान असल्याने गोलवे लहान होतात आणि त्याच खोलीचा ओरखडा प्रमाणाने मोठा ठरतो, म्हणून काळजी अधिकच घ्यावी.

कन्व्हर्टरच्या आत काय तुटते?

आतल्या सिरॅमिकच्या चकत्या दाब पेलतात, ओढ मात्र पेलत नाहीत, म्हणून मधल्या बोल्टने त्या कायम दाबून ठेवलेल्या असतात. हा दाब ढिला पडला की चकत्या चिरतात किंवा बोल्ट थकतो. कन्व्हर्टर कारखान्यात उघडू नये: दाब पुन्हा बिनचूक देण्याची साधने तिथे नसतात आणि चकत्यांवर विद्युतभार साचलेला असू शकतो.

नवा हॉर्न मागवताना उत्पादकाला काय कळवावे?

प्रत्यक्ष चालू असलेली अॅम्प्लिट्यूड, बूस्टरचे प्रमाण, वेल्डची वेळ, तासाला होणारे वेल्ड, तुटेपर्यंत झालेल्या वेल्डची संख्या आणि नोंदवहीतले शेवटच्या महिन्याचे आकडे कळवावेत. जुन्या हॉर्नचे दोन्ही तुकडे तेल लावून, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून सोबत पाठवावेत आणि तड्याच्या उगमाशी मार्करने बाण काढावा. तोच हॉर्न तीच आकृती धरून पुन्हा मागवला तर तो त्याच जागी तडकेल, म्हणून ऑर्डरमध्ये त्या जागेचा गोलवा वाढवण्याबद्दल, पॉलिशबद्दल आणि खाचा कोणत्या पद्धतीने पाडणार याबद्दल स्पष्ट विचारणा करावी. नवा हॉर्न आला की तो लाइनवर चढवण्यापूर्वी थंड असतानाची बिनभाराची शक्ती आणि वारंवारता वहीच्या नव्या पानावर सर्वांत वर लिहावी. पुढचे सगळे आकडे त्या ओळीशी ताडायचे असतात.